रस्ता बंद राहील

परभणीहून उत्तरेस जिंतूरकडे निघालेला रस्ता झरीवरून आणि पुढे बोरीवरून जातो. मॅरेथॉन शर्यतीचे जे अंतर जगभर ठरलेले आहे, अदमासे तेवढेच अंतर या रस्त्याने परभणी आणि जिंतूर या दोन तालुक्यांच्या ठिकाणांमध्ये भरते, आणि झरी हे गाव त्या अंतराच्या साधारण मध्यावर, म्हणजे धावपटू ज्याला अर्धमॅरेथॉन म्हणतात त्या मजलेवर, वसलेले आहे. हा योगायोग लक्षात आला तो थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून येणारी पोलिसांची निवेदने वाचताना. अमुक चौकापासून अमुक नाक्यापर्यंतचा रस्ता रविवारी पहाटेपासून स्पर्धा संपेपर्यंत सर्व प्रकारच्या वाहनांसाठी बंद राहील, नागरिकांनी पर्यायी मार्गाचा अवलंब करून सहकार्य करावे, अशा एकाच साच्याची ती निवेदने पुण्याची असोत, नाशिकची असोत की कोल्हापूरची, त्यांतील पर्यायी मार्ग या दोन शब्दांपाशी झरीसारख्या गावचा वाचक थबकतो, कारण त्याच्या माहितीच्या जगात मार्ग बहुधा एकच असतो.

थंडीतल्या एखाद्या सकाळी झरीच्या थांब्यावर तासभर उभे राहिले तर या एका मार्गावर किती आयुष्यांचा भार आहे याची कल्पना येते. परभणीच्या मोंढ्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या, दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवलेल्या मोटारसायकली, महाविद्यालयात आणि शिकवणीला जाणाऱ्या मुलामुलींनी खच्चून भरलेली एस.टी., बांधकामावर मजुरीला चाललेली माणसे, कोर्टाची किंवा तहसिलीची तारीख असलेले पक्षकार, आणि या सर्वांच्या मधून वाट काढीत परभणीच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालेला एखादा आजारी माणूस, असा हा ओघ असतो. आजूबाजूला शिवरस्ते आणि पाणंदी आहेत, पण त्या शेतापर्यंत नेतात, जिल्ह्याच्या ठिकाणी नेत नाहीत. आणि काळ्या जमिनीतल्या पाणंदीतून एखादा अवकाळी पाऊस पडला तरी गाडी बैलालासुद्धा ओढवत नाही. अशा रस्त्यावर उद्या कोणी उत्साही मंडळींनी परभणी ते जिंतूर अशी शर्यत भरवायचे ठरविले, तर काय करावे लागेल आणि काय करू नये, याचा विचार आजच करून ठेवणे मला अगत्याचे वाटते. जिल्ह्याजिल्ह्यांतून अशा शर्यती वाढत आहेत. लोकमत समूहाच्या महामॅरेथॉनने औरंगाबाद, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांचे रस्ते धावणाऱ्यांनी भरून टाकले, आणि त्या लाटेचा आमच्या बाजूला कधी ना कधी स्पर्श होणारच.

खेड्यातल्या माणसाला रस्ता अडणे म्हणजे काय हे शहरी माणसापेक्षा अधिक खोलवर कळते. बांधाचा आणि वाटेचा तंटा हा आपल्याकडच्या तहसील कचेऱ्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत चिवट तंटा आहे. भाऊबंदकीची निम्मी प्रकरणे जमिनीच्या वाटणीवर सुरू होऊन वाटेच्या वहिवाटीवर येऊन थांबतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडविली तर ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे, आणि त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम दुसऱ्याच्या बांधावरून आपल्या शेतात जाण्याचा हक्क ठरवून देते. या दोन कलमांचे आकडे न शिकलेल्या शेतकऱ्यालाही तोंडपाठ असतात. ज्या समाजाने एका बैलगाडीच्या वाटेसाठी इतकी बारकाईने तजवीज केली, त्याला राजरस्ता काही तास बंद करण्याचा हुकूम कोणत्या आधारावर निघतो आणि त्याला कोणत्या मर्यादा आहेत, हे जाणून घेण्याचा पुरेपूर अधिकार आहे.

तो आधार मुख्यतः दोन कायद्यांत आहे. पहिला १९५१ चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, जो पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जाई. त्याच्या ३३ व्या कलमाने रस्त्यावरील रहदारी, मिरवणुका आणि जमाव यांचे नियमन करण्याचे अधिकार पोलीस आयुक्तांना आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दिले आहेत. दुसरा १९८८ चा मोटार वाहन अधिनियम, ज्याचे ११५ वे कलम सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी, अथवा रस्त्याच्या स्वरूपामुळे, विशिष्ट रस्त्यावर वाहनांना मनाई करण्याची मुभा देते. या ११५ व्या कलमाला दोन परंतुके जोडलेली आहेत, आणि माझ्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म तेथे आहे. पहिले असे की मनाई एक महिन्यापेक्षा अधिक काळ चालणार नसेल तर ती राजपत्रात छापण्याची आवश्यकता नाही. दुसरे असे की ज्या मनाईला राजपत्राची गरज नाही, तिला परिस्थितीनुसार शक्य असेल तेवढी स्थानिक प्रसिद्धी देण्यात येईल. राजपत्र कोणी वाचीत नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असणार. म्हणूनच छापील कागदाच्या जागी त्यांनी स्थानिक प्रसिद्धीचे कर्तव्य बसविले. रस्ता बंद करण्याच्या अधिकाराबरोबर सांगण्याचे कर्तव्य बांधलेले आहे, आणि ते कर्तव्य रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाप्रत पोहोचल्याखेरीज पार पडले असे मानता येत नाही.

रस्ता हा वाहनांचाच असतो असेही कायदा म्हणत नाही. अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांविरुद्ध हिम्मतलाल शहा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली असे म्हटले की सार्वजनिक रस्त्यावर लोकांनी एकत्र येण्याचे सरकारने नियमन करावे, परंतु पोलिसांच्या बेलगाम मर्जीवर तो प्रश्न सोपवून सरसकट मनाई करता येणार नाही. रस्त्यावर सभा भरते, लग्नाची वरात निघते, मोहरमचे ताबूत निघतात, गणपती विसर्जनाला जातात; धावपटूंनीही त्यावर काही काळ आपला हक्क सांगावा यात गैर काही नाही. शर्यतीला विरोध करण्याचा माझा हेतू नाही. तिची खबर ज्यांचा दिवस त्या रस्त्यावर अवलंबून आहे त्यांना मिळाली की नाही, आणि मिळाल्यावर त्यांना ओलांडण्यापुरती वाट ठेवली की नाही, एवढ्याच दोन प्रश्नांवर मी तिची पारख करू इच्छितो.

खबर देण्याची आपली जुनी रीत दवंडीची होती. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता, त्यामुळे आमच्याकडच्या वृद्धांच्या तोंडी मुनादी हा शब्द अजून ऐकू येतो. हलगीवर थाप पडे, दवंडी देणारा वेशीपासून पारापर्यंत आणि पारापासून वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत फिरे, आणि सारावसुलीची तारीख असो की साथीच्या लशीची, ती बातमी अक्षरओळख नसलेल्या बाईच्या चुलीपर्यंत जाई. त्या व्यवस्थेत दवंडी देण्याचे काम जातीने लादलेले होते, हा तिच्यावरचा डाग कोणी विसरू नये. परंतु प्रसिद्धी म्हणजे शेवटच्या घरापर्यंतची प्रसिद्धी, ही तिच्यामागची समज मात्र योग्य होती. आज पोलीस अधीक्षकांचे निवेदन वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते आणि भ्रमणध्वनीवरच्या गटांतून फिरते. ज्याच्या गटात ते फिरत नाही, तो दूधवाला पहाटे लोखंडी कठड्यापाशी येऊन उभा राहतो, आणि तेथे बंदोबस्तावर असलेला शिपाई, ज्याला स्वतःलाच आदल्या रात्री हुकूम मिळालेला असतो, त्याला मागे फिरवतो. दोघांपैकी एकाचाही दोष नसतो.

आपल्याकडे रस्ते अडविणारे सर्वांत मोठे चालते समुदाय वारीचे आहेत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, आणि ती ज्या दिवशी दिवे घाट चढते त्या दिवशी तो घाट वाहनांना बंद असतो. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला जी शिस्त लावली, तिच्यामुळे पालखी कोणत्या दिवशी कोठे मुक्काम करील हे पिढ्यान्‌पिढ्या सर्वांना ठाऊक आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना परभणीत येते तेव्हा शहराची रहदारी तिच्यासाठी वळविली जाते, आणि फेब्रुवारीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक साहेबांच्या उरुसाला जी गर्दी लोटते तिच्यापुढे तर परभणीचे कितीतरी रस्ते आपोआपच बंद पडतात. या प्रसंगी तक्रार कमी होते त्याचे कारण नुसत्या भक्तीत शोधणे पुरेसे नाही. तिथी पंचांगात असते, उरूस वर्षाच्या त्याच काळात भरतो. त्या दिवशी मोंढ्यात माल न्यायचा नाही, लग्नाची तारीख धरायची नाही, बाळंतिणीला आधीच माहेरी किंवा दवाखान्याजवळ ठेवायचे, असा हिशेब घराघरांत महिनाभर आधी झालेला असतो. समाजाने स्वतःच आपली दवंडी दिलेली असते.

मॅरेथॉनच्या जगातही याला एक दाखला आहे. अमेरिकेतील बोस्टन शहराची मॅरेथॉन १८९७ पासून चालत आली आहे, आणि ती रविवारी न धावता तेथील पेट्रिअट्स डे या राज्याच्या सुटीच्या दिवशी, म्हणजे हल्ली एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी, धावते. हॉपकिन्टन या छोट्या गावातून ती सुटते आणि वाटेवरची अनेक गावे ओलांडून बोस्टनमध्ये शिरते. त्या गावांना हा दिवस आपल्या तिथीसारखा ठाऊक असतो. आपल्याकडे पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि डिसेंबरचा पहिला रविवार हा तिचा शिरस्ता पुष्कळ वर्षे लोकांच्या अंगवळणी पडला होता. मुंबईची २००४ साली सुरू झाली, आणि जानेवारीतला तिचा रविवार आता मुंबईकरांनी गृहीत धरलेला आहे. याउलट ज्या शर्यतींची तारीख प्रायोजकाच्या सोयीने वर्षागणिक सरकते, त्यांच्या वाट्याला लोकांचा संताप अधिक येतो.

आता रस्ता प्रत्यक्षात किती वेळ बंद राहतो हे पाहू, कारण याविषयी आयोजक आणि नागरिक दोघांच्याही मनात बऱ्याच चुकीच्या कल्पना असतात. अथेन्सच्या १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये ही शर्यत प्रथम धावली तेव्हा तिचे अंतर आजच्याहून कमी होते. १९०८ साली लंडनला ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनापुढे संपविली गेली, तेव्हा जे ४२.१९५ किलोमीटर अंतर भरले तेच १९२१ साली कायम करण्यात आले. मार्गाची मोजणी खास यंत्र लावलेल्या सायकलने करतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून हजारी एक, म्हणजे पुऱ्या मॅरेथॉनला ४२ मीटर, जादा मोजतात. एकदा मोजून प्रमाणित केलेला मार्ग एखाद्या गल्लीतल्या गैरसोयीसाठी ऐन वेळी हलविता येत नाही. ज्याला बदल सुचवायचा त्याने मोजणीपूर्वी सुचविला पाहिजे, आणि नेमके त्या वेळी त्याला कोणी विचारीत नाही.

यापुढचा हिशेब साधा आहे. अव्वल धावपटू किलोमीटरला सुमारे तीन मिनिटे घेतो, आणि सात तासांची मुदत दिलेल्या शर्यतीत सर्वांत मागचा माणूस सुमारे दहा मिनिटे घेतो. पाचव्या किलोमीटरवर पहिला पंधरा मिनिटांत आणि शेवटचा पन्नास मिनिटांत पोहोचतो. दोघांमधील अंतर अवघ्या पस्तीस मिनिटांचे. एकविसाव्या किलोमीटरवर पहिला सुमारे तासाभरात येतो, शेवटचा साडेतीन तासांनी. शेवटच्या टप्प्यावर हे अंतर जवळजवळ पाच तासांवर जाते. म्हणजे परभणीहून सकाळी सहाला शर्यत सुटली असे धरले, तर शहराच्या वेशीवरचा रस्ता सातपर्यंत मोकळा करता येईल. झरीत पहिला धावपटू सातच्या सुमारास दिसेल आणि शेवटचा साडेनऊला. जिंतूरचा रस्ता मात्र सकाळी आठच्या आधी बंद होऊन दुपारी एकला उघडेल. शर्यत जेथे सुटते त्या शहराला तोशीस सर्वांत कमी लागते आणि वाटेवरच्या व टोकाच्या गावांना सर्वांत जास्त. समारंभ, पाहुणे, ध्वनिवर्धक आणि छायाचित्रे मात्र बहुधा सुटण्याच्या जागी असतात. यावर तोड म्हणून शहाणे आयोजक शेवटच्या धावपटूमागे एक गाडी ठेवतात, आणि ती गाडी पुढे सरकेल तसा मागचा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला करीत जातात. ही पद्धत प्रामाणिकपणे पाळली तर निम्मा त्रास नाहीसा होतो. परंतु सर्व कठडे एकाच वेळी, बक्षीस समारंभ आटोपल्यावर, उचलण्याची जी आळशी वहिवाट काही ठिकाणी पडली आहे, तिच्यामुळे तासाभरापूर्वीच रिकामा झालेला रस्ता निष्कारण बंद राहतो आणि त्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग वाढत जाते.

या प्रश्नाचा सर्वांत बोधक नमुना मला साताऱ्यात दिसतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली, आणि डोंगरी शर्यत म्हणून तिने थोड्याच वर्षांत देशभर नाव मिळविले. पावसाळा ओसरू लागला की एका रविवारी हजारो धावपटू शहरातून निघतात, समर्थ मंदिरावरून बोगद्याशी येतात, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला लागतात आणि त्याच वाटेने परत खाली उतरतात. मार्गाची ही निवड धावणाऱ्याच्या दृष्टीने अप्रतिम आहे: एका अंगाला अजिंक्यतारा, दुसऱ्या अंगाला दऱ्यांतून वर येणारे धुके, हिरवे झालेले कातळाचे सडे, आणि चढाचा कस पाहणारी वळणे. पण रहदारीच्या दृष्टीने पाहिले तर त्याच मार्गाचे दोन भाग अगदी भिन्न स्वभावाचे आहेत. शहरात राजवाड्याकडे जाणारे राजपथ आणि खालचा रस्ता असे दोन समांतर रस्ते आहेत. एक बंद झाला तर दुसऱ्याने काम भागते. बोगद्यापुढे ही सोय संपते. यवतेश्वर, कास आणि पलीकडे बामणोलीकडच्या गावांना साताऱ्यात येण्याचा सरळ रस्ता घाटाचाच. मेढ्याच्या अंगाने फिरून यायचे म्हणजे केवढा तरी वळसा.

त्यातच कासच्या पठारावर फुलांचा हंगाम याच दिवसांत सुरू होतो. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ साली जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली त्यांत कास आहे, आणि रविवारी तेथे जाणाऱ्या मोटारींची रीघ सर्वांस परिचित आहे. शर्यतीचा रविवार आणि फुलांचा रविवार एकमेकांच्या पाठोपाठ आले की घाटाखाली पर्यटक खोळंबतात. त्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. फुले दुपारीही पाहता येतात. चिंता वाटते ती घाटावरून खाली दूध, भाजी आणि रुग्ण घेऊन येणाऱ्यांची, ज्यांना दुपार चालत नाही. साताऱ्याच्या शर्यतीच्या पाठीशी एक गोष्ट भक्कम उभी आहे: ते शहर तिला आपली मानते. लोक चौकाचौकांत उभे राहून धावणाऱ्यांचा उत्साह वाढवितात, ढोल वाजतात, लेझीम खेळले जाते, आणि काही तासांची तसदी ते यजमानाच्या भूमिकेतून सोसतात. मुंबईत पेडर रोडवरचे रहिवासी चढ चढून थकलेल्या परक्या माणसांना संत्र्यांच्या फोडी आणि बिस्किटे देत उभे असतात, तेही याच वृत्तीने. यजमानपणाची ही भावना घाटावरच्या गावांपर्यंत नेता येईल काय, त्यांच्या शाळांना, बचत गटांना आणि ग्रामपंचायतींना शर्यतीच्या आखणीत आधीपासून जागा देता येईल काय, या दिशेने जेवढे प्रयत्न होतील तेवढे थोडेच. ज्याला विचारले गेले त्याची सोसण्याची तयारी निराळी असते.

गैरसोय म्हणजे किरकोळ गोष्ट, सणासुदीला एवढे चालायचेच, असे म्हणणाऱ्यांनी एका संशोधनाकडे लक्ष द्यावे. अमेरिकेतील डॉक्टर अनुपम जेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ ते २०१२ या काळातील अकरा शहरांतल्या मॅरेथॉनच्या दिवसांचा अभ्यास करून तो २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांनी धावपटूंचा विचार केला नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा हृदय बंद पडलेल्या वृद्ध रहिवाशांचा केला. इतर दिवशी रुग्णालयात दाखल झालेल्या अशा रुग्णांपैकी तीस दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण २४.९ टक्के होते. मॅरेथॉनच्या दिवशी दाखल झालेल्यांत ते २८.२ टक्के निघाले. त्या दिवशी सकाळच्या वेळी रुग्णवाहिकेला रुग्ण जेथे होता तेथून रुग्णालयापर्यंत सरासरी ४.४ मिनिटे अधिक लागली होती. जेथे दर काही मैलांवर रुग्णालय आहे, रुग्णवाहिकांची रेलचेल आहे आणि पर्यायी रस्त्यांचे जाळे विणलेले आहे, अशा शहरांतील ही स्थिती. जे वृद्ध रुग्णवाहिकेविना आपल्या मुलाच्या मोटारीतून निघाले असतील, आणि कठड्यापाशी अडून वळसा शोधीत फिरले असतील, त्यांची घालमेल आकड्यांत पकडता येत नाही.

आता हीच गोष्ट झरीच्या रस्त्यावर ठेवून पाहावी. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा साऱ्या राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या. ग्रामीण भागातल्या रुग्णाला ती गाडी येण्याची वाट पाहावी लागते, आणि आल्यावर वीसेक किलोमीटरवरची परभणी गाठावी लागते. त्यात आणखी कोणतीही भर आम्हाला परवडणारी नाही. म्हणून झरीवरून धावणारी शर्यत रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापून धावता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. धावपटू एका कडेने, दोर लावून राखलेल्या पट्ट्यातून, आणि दुसरी कडा रुग्णवाहिकेसाठी अखंड मोकळी, ही अट परवानगीच्या कागदावरच लिहिलेली असावी, आणि तिची अंमलबजावणी शक्य नसेल तेथे परवानगी नाकारली जावी. त्यामुळे शर्यत लहान होईल, धावणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवावी लागेल. ठेवावी. न्यूयॉर्कची मॅरेथॉन १९७० साली सुरू झाली तेव्हा ती एका उद्यानातच फेऱ्या मारीत असे. शहराच्या पाचही विभागांतून जाण्याइतकी ती १९७६ साली वाढली, आणि तोवर शहराला तिची सवय झाली होती.

इतके सांगूनही ही शर्यत आमच्या रस्त्यावर यावी असे मला मनापासून वाटते, आणि त्याला कारण आहे. परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला, आणि पुढे २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे त्या त्याच शर्यतीत भारतीय महिलांत दुसऱ्या आल्या. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये नावारूपाला आल्या आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली राष्ट्रकुल आणि आशियाई अशा दोन्ही स्पर्धांत दहा हजार मीटरमध्ये पदके आणली. दुष्काळी आणि डोंगराळ मुलखातल्या या मुलींना धावण्यासाठी प्रथम लाभले ते गावचे रस्ते आणि माळ. ज्या रस्त्याने आमच्या मुली शाळेला जातात त्याच रस्त्यावर त्यांनी एक दिवस वाहनांची धास्ती न बाळगता, दोन्ही बाजूंना टाळ्या वाजविणाऱ्या आपल्याच माणसांमधून धावावे, आणि तो दिवस त्यांच्या आईबापांनी पाहावा, यासाठी मी माझा खोळंबा आनंदाने सोशीन. रस्त्यावर एरवी अवजड वाहनांचीच सत्ता चालते. पायी चालणाऱ्याला वर्षातून एक सकाळ तरी तो हक्काने मिळावा.

तेव्हा परवानगी मागणाऱ्यांनी दरखास्त फक्त जिल्हाधिकारी कचेरीत आणि पोलीस अधीक्षकांकडे न नेता झरी, बोरी आणि वाटेवरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेपुढे ठेवावी, आणि तीही मार्गाची मोजणी होण्यापूर्वी. एस.टी. आगाराकडून त्या दिवसाच्या बदललेल्या फेऱ्यांचा फलक आठ दिवस आधी प्रत्येक थांब्यावर लागावा. प्रत्येक गावच्या आठवडी बाजारात ध्वनिवर्धकावरून वेळा सांगाव्यात, आणि त्या सांगताना परभणीच्या वेळा न सांगता त्या त्या गावच्या सांगाव्यात: झरीत रस्ता केव्हा बंद होणार आणि केव्हा उघडणार. दूध संकलनाच्या गाड्या पहिला धावपटू येण्यापूर्वी निघून जातील असा क्रम डेअरीशी बोलून ठरवावा. गावाच्या दोन्ही टोकांना ओलांडण्याची जागा आखून तेथे गावातलाच माणूस उभा करावा, ज्याला येणाऱ्याजाणाऱ्याची निकड चेहऱ्यावरून ओळखता येते. शेवटच्या धावपटूमागची गाडी गावाबाहेर पडली की सरपंचांना तसे कळवून कठडे त्याच क्षणी उचलावेत. आणि तारीख एकदा ठरली की ती दरवर्षी तीच ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत मोंढ्यात कापसाची आवक भरात असते, तो काळ टाळावा. मार्चपासून ऊन सोसवत नाही. उरुसाची गर्दी ओसरल्यानंतरचा, फेब्रुवारीतला शेवटचा रविवार या रस्त्याला सर्वांत सोयीचा पडेल. बारावीच्या परीक्षा तोवर सुरू झालेल्या असल्या तरी रविवारी पेपर नसतो.